कढीपत्त्यावरचा बहुरूपी : कॉमन मॉर्मन ओळखायचा कसा, वाढवायचा कसा

आमच्या गॅलरीत कढीपत्त्याची एकच कुंडी आहे आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन पक्ष आहेत. एक सासूबाईंची फोडणी, दुसरा कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराच्या अळ्या. पावसाळ्यात दुसरा पक्ष जिंकतो.

हे फुलपाखरू डोंबिवली-ठाण्यापासून पुणे-कोल्हापूरपर्यंत, गोव्यात, अगदी सोसायटीच्या आवारातसुद्धा सर्रास दिसतं. तरी मी त्याला पहिली दोन वर्षं चुकीच्या नावाने ओळखत होते. कारण याची मादी सोंग घेते. कधी ती स्वतःच्या नरासारखी दिसते, कधी कॉमन रोझसारखी, कधी क्रिमझन रोझसारखी. हे दोन्ही रोझ म्हणजे विषारी फुलपाखरं, पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या अंगात विष नाही, तिने नुसते कपडे उसने घेतलेत.

एका ऑगस्टमध्ये लाल-पांढऱ्या ठिपक्यांच्या काळ्या फुलपाखराचा फोटो काढून मी ओळखीच्या एका जाणत्या काकांना मोठ्या तोऱ्यात पाठवला. ‘कॉमन रोझ मिळालं!’ त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘अंग कुठल्या रंगाचं आहे?’ मी फोटो मोठा करून पाहिला. पंख सुरेख आले होते, अंग मात्र पानाआड गेलेलं. म्हणजे फोटो देखणा, पण ओळखीसाठी कुचकामी. त्यांनी तो प्रश्न विचारला नसता तर मी आजही वहीत रोझच लिहीत बसले असते. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

आधी जमवायचं साहित्य

विकत घेण्यासारखं फारसं काही नाही. बहुतेक वस्तू घरात सापडतील.

- कढीपत्ता किंवा लिंबाचं कुंडीतलं झाड. त्यावर गेल्या दोन महिन्यांत कसलीही फवारणी झालेली नको.
- जेवणावर झाकायची जाळीची छत्री. हाच अळ्यांचा पिंजरा.
- तोंड अरुंद असलेली छोटी बाटली आणि तिच्या तोंडाशी कोंबायला कापूस.
- चित्रकलेचा मऊ ब्रश, बारीक नंबरचा.
- वर्तमानपत्र, दोन-चार सुक्या काड्या, टाचण्या.
- फोन. कॅमेरा असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही.
- वही. तारखा डोक्यात राहत नाहीत, हे अनुभवाने सांगते.

भिंग असलंच तर अंडं बघायला मजा येते.

१. पंख नंतर, आधी अंग बघा

लहानपणी आजोळी फौजदाराच्या वेशातला बहुरूपी यायचा. टोपी, पट्टा, मिशी, दंडुका, दरडावणी, सगळं चोख. पायात मात्र स्लीपर. आम्ही पोरं घाबरून माजघरात पळायचो आणि आजोबा त्या पायांकडे बघून हसत शिधा आणायला सांगायचे.

मॉर्मनच्या मादीच्या पायातली स्लीपर म्हणजे तिचं अंग. पंखांवर लाल चंद्रकोरी, पांढरे डाग, शेपटी, सगळं हुबेहूब उतरवलंय, पण धड काळंच राहिलंय. डोक्यावर आणि छातीवर बारीक पांढरे ठिपके असतात, लाल रंग कुठेच नाही. दोन्ही रोझचं अंग लाल असतं. डोकं लाल, मानेशी लाल, छातीच्या बाजूंवर लाल, पोटाचं टोकही लाल.

लाल अंग, रोझ. काळं अंग, मॉर्मन. एवढं पाठ झालं की ऐंशी टक्के काम झालं.

इथे नवख्यांना हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. कॉमन रोझच्या पोटाची वरची बाजू काळी असते आणि लाल रंग कुशीला व खाली असतो. फुलपाखरू पंख पसरून बसलंय आणि तुम्ही बरोबर वरून बघताय, तर रोझचं अंगसुद्धा काळं वाटतं. म्हणून बाजूने बघायचं. बसलेलं असेल तर गुडघ्यावर बसा, कपडे मळले तर मळू देत.

२. रूपं डोळ्यांत बसवा

नर सोपा. काळे पंख, मागच्या पंखांवर आडवा पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा, पुढच्या पंखांच्या कडेला बारीक पांढरे ठिपके जे टोकाकडे लहान लहान होत जातात. रस्त्यात चिखलावर पाणी पीत बसलेले दिसतात ते बहुधा नरच.

मादीचं पहिलं रूप या नराचीच नक्कल असल्यासारखं असतं. त्याला ‘सायरस’ म्हणतात. नरात आणि तिच्यात फरक करायचा तर मागच्या पंखांच्या कडेला ठळक लाल चंद्रकोरी शोधा. सायरस मादीत त्या ठसठशीत असतात. त्याहून खात्रीची खूण म्हणजे ती अंडं घालताना सापडणं. मग वादच मिटला.

दुसरं रूप ‘स्टिकियस’, म्हणजे कॉमन रोझचं सोंग. मागच्या पंखाच्या मध्यभागी पांढऱ्या डागांचा पुंजका आणि कडेने लाल चंद्रकोरी. आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटते ती हीच.

तिसरं ‘रोम्युलस’, क्रिमझन रोझचं सोंग. मागच्या पंखांवर पांढरं काही नाही, नुसते लाल ठिपके, आणि पुढच्या पंखांवर पांढुरके पट्टे. खरा क्रिमझन रोझ म्हणजे काळ्या मखमलीवर कुंकवाचे थेंब आणि पुढच्या पंखावर स्वच्छ पांढरे दोन पट्टे. रोम्युलस त्याच्यापुढे जरा धुतलेल्या कपड्यासारखी दिसते, पट्टे फिकट आणि पसरट. सोंग म्हणून स्टिकियस जास्त बेमालूम, असं माझं मत. क्रिमझन रोझ मुख्यतः भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत असल्यामुळे रोम्युलसही बहुतांशी त्याच पट्ट्यात भेटते. ज्याचं सोंग घ्यायचं ते माणूस गावात कुणी पाहिलेलंच नसेल, तर सोंगाला कोण भिणार?

रंग पंख झिजल्यावर उडतात. म्हातारं फुलपाखरू सापडलं, लाल चंद्रकोरी मातकट झालेल्या, शेपटी तुटलेली, तर पंखांवर विसंबू नका. पुन्हा अंगाकडे चला.

उडण्याची ढब हीसुद्धा खूण आहे, पण दुय्यम. रोझ निवांत, तरंगत जातो, जसं काही त्याला कुणाची भीतीच नाही (नाहीच). मॉर्मनची सोंगाडी मादीही निवांत असताना तशीच संथ उडते. पण तुमची चाहूल लागली की सोंग गुंडाळून सुसाट पळते. खरा फौजदार पळत नाही.

३. हे सोंग आहे तरी कशाला?

ही पायरी गाळून पुढे गेलात तरी चालेल. मला मात्र हे कळल्यावर कुंडीकडे बघायची नजरच बदलली.

रोझच्या अळ्या सापसण म्हणजे ईश्वरीच्या वेलीवर वाढतात. त्या वेलीतलं विष त्या अंगात साठवतात आणि ते फुलपाखरात उतरतं. एखाद्या पक्ष्याने एकदा तोंड भाजून घेतलं की लाल-काळ्याच्या नादी तो लागत नाही. मॉर्मन याचा फुकट फायदा घेते. अशा फसवणुकीचं पहिलं पटणारं स्पष्टीकरण इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ हेन्री वॉल्टर बेट्सने १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून दिलं, म्हणून तिला बेट्सीय अनुकरण म्हणतात.

माणसंही या सोंगाला फसली. १७५८ साली सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने नराला ‘पॅमन’ आणि मादीला ‘पॉलिटेस’ अशी दोन नावं देऊन दोन जाती करून टाकल्या. ही सगळी एकाच जातीची रूपं आहेत हे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ मध्ये मलाया भागातल्या फुलपाखरांवर लिहिताना नीट मांडलं. एका नराच्या अनेक तऱ्हेच्या बायका, म्हणून इंग्रजांनी अमेरिकेतल्या बहुपत्नीक मॉर्मन पंथाचं नाव याला चिकटवलं. आमच्या घरात त्याचं नाव बहुरूपीच पडलंय.

एकाच आईच्या पोटी दोन तऱ्हेच्या मुली कशा? २०१४ मध्ये बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधले आपले कृष्णमेघ कुंटे आणि शिकागो विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’मध्ये याचं उत्तर दिलं. ‘डबलसेक्स’ नावाचा जनुक, जो एरवी कीटकांत नर-मादीचे फरक घडवतो, तोच इथे सोंगाची कळ आहे. सोंगाड्या माद्यांमध्ये त्या जनुकाचा तुकडा उलटा फिरलेला असतो. नराकडेही तो असू शकतो, त्याच्या पंखांवर तो दिसत नाही एवढंच. सोंगाची प्रत नरासारख्या दिसणाऱ्या प्रतीवर मात करते. म्हणून सोंगाड्या आईच्या अंड्यांतूनही एखादी मुलगी बापासारखी निघते.

मग सगळ्याच माद्या सोंग का घेत नाहीत? गावात दहा बहुरूपी आणि एकच फौजदार झाला तर कुणी शिधाही देणार नाही, असं मी मुलीला सांगते. खोटे फार झाले की पक्षी शेवटी एखादं चाखून बघतोच.

४. कुठे आणि कधी शोधायचं

वर्षभर दिसतं, पण खरा हंगाम जुलै ते नोव्हेंबर. पाऊस उघडला, ऊन पडलं की सकाळी नऊ ते अकरा ही वेळ साधा.

दोन ठिकाणी बघायचं. एक, मधाच्या फुलांवर : एक्झोरा, घाणेरी, जास्वंद, पेंटास. दुसरं, अंडी घालायच्या झाडांवर : कढीपत्ता, लिंबू, बेल, आणि जंगलातली त्यांची भावंडं. ही सगळी लिंबाच्या कुळातली. कढीपत्त्याभोवती एखादं काळं फुलपाखरू गिरक्या घेत पानांना पायाने चाटून गेल्यासारखं करत असेल, तर ती मादी पान पारखते आहे. उभे राहा, हलू नका.

आजूबाजूला ईश्वरीची वेल असली तर रोझही येतील आणि अस्सल-नक्कल एकाच बागेत बघायला मिळतील. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत मला एकाच सकाळी दोन्ही दिसली आणि त्या दिवशी डोक्यातला घोळ खऱ्या अर्थाने संपला. जमलं तर अशा एखाद्या फुलपाखरू उद्यानात एक रविवार घालवा. दहा फोटो बघून जे कळत नाही ते तिथे तासाभरात कळतं.

ईश्वरी लावायची असेल तर रोपवाटिकेतून आणा, डोंगरावरून उपटून आणू नका. आणि ‘औषधी आहे’ असं कुणी म्हणालं म्हणून तिचा पाला-मूळ पोटात घेऊ नका. त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगालाही कारण ठरतं.

अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात अंडं, अळी, पान, काहीच उचलायचं नाही. क्रिमझन रोझचं नाव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बरीच वर्षं होतं, तेव्हा जाळी घेऊन त्याच्या मागे लागणं डोक्यातूनच काढून टाका.

५. ओळखीपुरता फोटो

मोठी शेपटीवाली फुलपाखरं फुलावर बसून मध पितानाही पंख फडफडवत राहतात. फोटो हलतो. फोनवर सलग फोटो काढायची सोय वापरा आणि पंधरा-वीस काढून एक ठेवा. कॅमेऱ्यावर शटर एक हजारांशाच्या खाली आणू नका.

तीन फोटो पुरतात : बाजूने अंग दिसेल असा, पंख उघडे असलेला, आणि ज्या झाडावर आहे ते झाड. पहिला मिळाला नाही तर बाकीचे दोन वहीत ‘रोझ किंवा मॉर्मन’ म्हणून टाका. मला त्यात कमीपणा वाटत नाही. फोटोवरून ओळख सांगणारं ॲप जे नाव सुचवतं ते सूचना म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. पंखांच्या नक्षीला पक्षी फसतो, तिथे ॲपचं काय घेऊन बसलात.

६. अंडं आणि अळी

अंडं गोल, गुळगुळीत, फिकट पिवळं, मोहरीपेक्षा लहान. कोवळ्या पानावर एकेकटं असतं, घोळक्याने कधीच नाही. तीन-चार दिवसांत ते काळपट होतं आणि अळी बाहेर येते. बाहेर आल्या आल्या अंड्याचं टरफल खाऊन टाकते, तेव्हा ‘अंडं गेलं’ म्हणून हळहळू नका, शेजारी नीट बघा.

पहिल्या चार अवस्थांत अळी म्हणजे पक्ष्याची शीट. तपकिरी, ओलसर, मध्ये पांढरा पट्टा. माझ्या सासूबाईंनी अशा दोन ‘शिटा’ पाण्याने धुऊन पानं फोडणीत टाकायची तयारी केली होती. शेवटच्या, पाचव्या अवस्थेत कात टाकून ती एकदम पोपटी हिरवी होते, छातीवर डोळ्यांसारखे ठिपके येतात. हात लावलात तर मानेमागून लाल दुतोंडी शिंग बाहेर काढते आणि कुजक्या लिंबासारखा वास सोडते. निरुपद्रवी आहे. मुलांना हा प्रकार फार आवडतो, पण अळीला नाही. एकदा बघा आणि सोडून द्या.

सांभाळायची पद्धत अशी. डहाळी कापून पाण्याच्या छोट्या बाटलीत उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा. हा कापूस विसरू नका. माझ्या पहिल्या तीन अळ्यांपैकी एक देठावरून खाली उतरून बाटलीत बुडून मेली. वरून जाळीची छत्री, खाली वर्तमानपत्र. लेंड्या रोज झाडायच्या. पान सुकायच्या आत नवी डहाळी ठेवायची आणि अळीला हाताने न उचलता जुनं पानच नव्यावर ठेवायचं. लहान अळी हलवायचीच असेल तर ब्रशने.

आता खड्डे.

बाजारातला कढीपत्ता घालू नका. माझ्या उरलेल्या दोन अळ्या त्यानेच गेल्या. झाडावरची पानं संपली म्हणून मी मंडईतून जुडी आणली, दोन पाण्यांनी धुतली, घातली. संध्याकाळपर्यंत दोन्ही अळ्या हिरवं ओकून लोळत होत्या. फवारणी धुऊन जात नाही. निंबोळी अर्कही अळ्यांना मारतो, ‘सेंद्रिय’ लिहिलेलं असलं तरी.

ज्या झाडावर अळी सापडली त्याच जातीचं पान द्या. लिंबावरची अळी कढीपत्त्यावर टाकली की बऱ्याचदा तोंड फिरवून उपाशी बसते.

अळी दिवसभर हलत नाही, खात नाही, म्हणजे आजारीच असं नाही. कात टाकायच्या आधी ती अशीच थिजते. तिला ढोसून जागं करू नका, कातीची पकड सुटली तर ती अडकते.

हवाबंद डबा नको. झाकणाला भोकं पाडलेला असला तरी पावसाळ्यात आत घाम धरतो, बुरशी येते आणि एका रात्रीत सगळं संपतं.

आणि मोह आवरा. एका मध्यम कुंडीवर दोन किंवा तीन अळ्या पुरे. पाचव्या अवस्थेतली अळी डहाळ्याच्या डहाळ्या फस्त करते. दहा उचलून आणाल आणि आठवड्याने शेजाऱ्यांकडे कढीपत्ता मागत फिराल.

लिंबावर आणि कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लायच्या अळ्याही असतात, त्यासुद्धा आधी शिटेसारख्या आणि नंतर हिरव्या. आपल्या राज्य फुलपाखराच्या, म्हणजे ब्लू मॉर्मन ऊर्फ नीलवंताच्या अळ्याही लिंबाच्या कुळावरच वाढतात (हा मान त्याला २०१५ मध्ये मिळाला). तेव्हा मॉर्मन म्हणून वाढवलेल्या कोशातून लाइम निघालं तर नाराज होऊ नका. माझ्या वहीत दुसऱ्या वर्षीच्या पाचपैकी तीन ‘मॉर्मन’ खोडून लाइम केलेले आहेत.

७. कोश

साधारण अडीच-तीन आठवड्यांनी अळी अचानक पातळ हिरवी घाण करते. एरवी पातळ शी म्हणजे आजार, या वेळी मात्र तो पोट रिकामं करण्याचा कार्यक्रम असतो. त्यानंतर ती खाणं सोडून भटकायला लागते. या दिवशी जाळी नीट लावलेली हवी. आमची एक अळी देव्हाऱ्यामागे सापडली, एक चपलांच्या स्टँडवर. चपलांच्या स्टँडवरचीला दोन आठवडे कुणी हात लावायचा नाही असा घरात फतवा निघाला आणि पाहुण्यांच्या चपला दाराबाहेर गेल्या.

म्हणून वेळीच जाळीत सुक्या काड्या तिरप्या ठेवा. काडीवर अळी शेपटीशी रेशमाची गादी विणते आणि पाठीमागून एक रेशमी दोरा घेऊन त्यात रेलून बसते, नारळाच्या झाडावर चढणारा गडी दोर कमरेला लावून रेलतो तशी. दुसऱ्या दिवशी कातडं गळून कोश उरतो. हिरव्या कोवळ्या डहाळीवर बहुधा हिरवा, खडबडीत सुक्या काडीवर तपकिरी.

कोश पडला तर फेकू नका. शेंगदाण्याच्या पुडीसारखा कागदाचा शंकू करून भिंतीला टाचणीने लावा आणि कोश शेपटी खाली करून त्यात अलगद ठेवा. कडेचा कागद खरखरीत हवा, पुढे फुलपाखराला चढायला लागतो.

कोशावर बारीक बारीक भोकं पडून त्यातून चिलटांएवढ्या माश्या निघाल्या, तर ते परजीवी गांधीलमाश्यांचं काम. तुमची चूक नाही. बाहेरून मोठी अळी आणली की हे वरचेवर होतं, अंड्यापासून जाळीत वाढवलं की टळतं.

८. बाहेर येण्याचा दिवस

पावसाळ्यात दहा-बारा दिवस, थंडीत त्याहून बरेच जास्त. रोज बघून कंटाळा यायच्या बेताला एका संध्याकाळी कोश काळा पडलेला दिसतो. मेला असं वाटतं. मेलेला नसतो, कोशाचं कवच पारदर्शक होऊन आतले पंख दिसायला लागलेले असतात. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा. पंखाच्या जागी पांढरा पट्टा दिसला तर बहुधा नर किंवा सायरस. लाल ठिपके दिसले तर मादी, बहुधा सोंगाडी. मागच्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझी मुलगी रात्री साडेदहाला गॅलरीत उकिडव्या बसून हेच बघत होतो आणि ती ‘लाल आहे, आई, लाल’ म्हणून दबक्या आवाजात ओरडली.

बाहेर पडणं बहुधा सकाळी लवकर होतं आणि दोन मिनिटांत उरकतं. डोक्याकडून कोश फाटतो, चुरगळलेल्या पंखांचं ओलं काहीतरी बाहेर येतं आणि चढायला जागा शोधतं. इथे सगळ्यात मोठा धोका : चढायला खरखरीत उभी जागा आणि खाली लोंबायला वीतभर मोकळी जागा हवीच. एकदा मी कोश गुळगुळीत प्लास्टिकच्या डब्यात ठेवला होता. फुलपाखरू घसरून तळाशी पडलं, पंख तिथेच दुमडलेले सुकले आणि ते कधीच उडालं नाही.

पंख पंधरा-वीस मिनिटांत फुलतात, कडक व्हायला दोन-तीन तास जातात. या काळात हात नाही, फुंकर नाही, पंखा नाही. खाली मळकट पाण्याचे थेंब पडतील, ते रक्त नव्हे, कोशातला साठलेला मळ. आता निवांत बाजूने अंगाचा फोटो काढा. हलत नाहीये, उजेड आहे, याहून चांगली संधी मिळणार नाही. काळं अंग, लाल चंद्रकोरी, म्हणजे तुमच्या हातात पुराव्यासकट बहुरूपी आहे.

ऊन चढलं की जाळी काढून बाजूला व्हा. मुसळधार पाऊस असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तरी चालतं, पहिल्या दिवशी त्याला खायला लागत नाही.

९. नोंद

वहीत एवढं लिहा : अंडं सापडल्याची तारीख, झाड, कोश झाल्याची तारीख, बाहेर आल्याची तारीख, नर की मादी, मादी असेल तर कुठलं रूप. अंडं घालताना आईचा फोटो मिळाला असेल तर सोन्याहून पिवळं, आई कुठल्या सोंगात होती आणि मुली कुठल्या सोंगात निघाल्या हे जुळवून बघता येतं. माझ्या एका स्टिकियस आईच्या चार अंड्यांतून दोन नर, एक स्टिकियस आणि एक सायरस निघाली होती.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा बटरफ्लाइज ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर टाका. सप्टेंबरात देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ असतो, तेव्हा हौशी मंडळी भरपूर भेटतात आणि चूक झाली तर प्रेमाने कान धरतात.

मॉर्मन जमल्यावर

पुढचा धडा म्हणून डॅनॅइड एगफ्लाय घ्या. याची मादी प्लेन टायगर नावाच्या फुलपाखराची नक्कल करते. नर बिचारा वेगळाच, काळ्यावर पांढरे वाटोळे चांदवे. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीच्या मागच्या पंखावर एकच, तोही वरच्या कडेला. ठिपके मोजायचे, बस.

तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात. आमच्या एका रिकाम्या कुंडीत या वर्षी घोळ आपोआप उगवली आहे, मी रोज पानं उलटून बघते. सासूबाईही रोज बघतात, पण त्या डाळ भिजत घालून.